पोटखराबा : लॅपटॉपच्या डिस्कवरील राखीव जागांचा इतिहास

‘पार्टिशन’ हा शब्द मराठी घरांत संगणकाच्या पुष्कळ आधी आला. चाळीतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात थोरल्याचे लग्न ठरले की सुतार बोलावून लाकडी पार्टिशन घातले जाई. भावाभावांत बिनसले की कोर्टात ‘पार्टिशनचा दावा’ लागे. दोन्ही ठिकाणी जागा होती तेवढीच राहते. कोणत्या भागावर कोणाचा हक्क, एवढेच नव्याने ठरते. संगणकाच्या हार्ड डिस्कवर जे पार्टिशन पडते त्याचीही गोष्ट हीच आहे. फरक इतकाच, की तिथल्या वाटणीत घरधन्याला बहुधा कोणी विचारलेले नसते.

साधारण २००५ ते २००९ या काळात लॅपटॉप विकत घेतलेल्यांनी हा अनुभव घेतला असेल. खोक्यावर ‘८० जीबी’ छापलेले, आणि यंत्र सुरू करून पाहावे तर जागा बरीच कमी. यातला काही फरक निव्वळ मोजमापाचा होता. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरत, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजे; त्यामुळे ८० जीबीची डिस्क पडद्यावर साडेचौऱ्याहत्तर दिसे. पण त्याहूनही कमी दिसणारी जागा मोजमापाने समजावता येत नसे. विंडोजमधले ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडले की खुलासा होई. एका सलग डिस्कच्या जागी तीनचार चौकटी दिसत. पहिली अगदी चिमुकली, नाव नसलेली. शेवटची काही जीबींची, तीही बिननावाची. मधली तेवढी आपली. काही यंत्रांत तर आणखी एक तुकडा असा असे की तो या चौकटींतही दिसत नसे.

सातबारा वाचणाऱ्याला हा प्रकार परका वाटणार नाही. उताऱ्यावर खातेदाराच्या नावे एकूण क्षेत्र असते, पण त्यातच ‘पोटखराबा’ म्हणून काही क्षेत्र वेगळे दाखवलेले असते. ते मोजणीत आपले, लागवडीला मात्र नाही. लॅपटॉपच्या डिस्कवर असा पोटखराबा कोणी पाडला, कशासाठी पाडला, आणि त्याची नोंद नीट न ठेवल्याचे परिणाम कोणी भोगले, याचा मागोवा या लेखात घ्यायचा आहे.

चौसष्ट बाइटांचे दप्तर

ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीला हार्ड डिस्क नव्हती. सारा कारभार फ्लॉपीवर चाले. ज्या कार्यप्रणालीची फ्लॉपी खाचेत घालावी ती प्रणाली यंत्राचा ताबा घेई. आयबीएम आपल्या पीसीसाठी तीन प्रणाली विकत होती: मायक्रोसॉफ्टकडून आलेली पीसी-डॉस, गॅरी किल्डॉल यांच्या डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६, आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. डॉसची किंमत ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ ची २४०, त्यामुळे स्पर्धेचा निकाल काय लागणार हे ठरल्यासारखेच होते. तरीही कागदोपत्री तिघींना दार उघडे होते.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी-एक्सटी जाहीर केला. त्यात दहा एमबीची हार्ड डिस्क होती आणि सोबत पीसी-डॉसची दुसरी आवृत्ती. फ्लॉपी काढता-घालता येते, हार्ड डिस्क मात्र यंत्रात कायमची बसलेली. मग एकाच डिस्कवर दोन-तीन प्रणालींना नांदायचे असेल तर काय करायचे? उत्तर होते वाटणी. डॉससोबत ‘एफडिस्क’ नावाचा छोटा प्रोग्रॅम आला. तो डिस्कचे चारपर्यंत भाग पाडून देई.

या वाटणीचे दप्तर ठेवले गेले डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये. सेक्टर म्हणजे ५१२ बाइटांचा एक तुकडा. हा पहिला तुकडा ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ या नावाने ओळखला जातो. त्यातले ४४६ बाइट यंत्र सुरू होताना चालणाऱ्या सूचनांसाठी आणि शेवटचे दोन ओळखखुणेसाठी असतात. मधे उरतात ६४ बाइट. चार नोंदी, प्रत्येकी सोळा बाइटांच्या. प्रत्येक नोंदीत भाग कुठे सुरू होतो, केवढा आहे, यंत्र सुरू करताना हाच भाग वापरायचा का, आणि तो कोणत्या प्रकारचा आहे, एवढीच माहिती. या नोंदींवर ना कुलूप होते, ना त्यांची दुसरी प्रत. ज्या प्रोग्रॅमला डिस्कवर लिहिता येई, त्याला हे दप्तरही लिहिता येई. दहा एमबीच्या डिस्कसाठी ही व्यवस्था पुरेशी होती. पुढची जवळपास तीस वर्षे हजारो पटींनी मोठ्या डिस्क याच चार ओळींवर चालणार आहेत, असे त्या वेळी कोणी गृहीत धरले नसावे.

मूळ हेतू ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चार जागा होत्या त्या वापरणाऱ्यासाठी: त्याला हवी ती प्रणाली, हवी तिथे ठेवता यावी म्हणून.

क्रमांकांची गर्दी

प्रत्येक नोंदीतला ‘प्रकार’ सांगणारा एक बाइट पुढे फार महत्त्वाचा ठरला. एका बाइटात २५६ शक्यता मावतात. षोडशमान पद्धतीने हे क्रमांक ०० पासून एफएफपर्यंत लिहितात. सुरुवातीच्या डॉसला ०१ मिळाला, झेनिक्सला ०२ आणि ०३. पुढे ओएस/२ आणि विंडोज एनटी यांच्या फाइलप्रणालींसाठी ०७ आला, लिनक्ससाठी ८३. पण कोणता क्रमांक कोणी घ्यायचा हे ठरवणारे सर्वांनी मानलेले कार्यालय नव्हते. जो तो आपल्याला रिकामा वाटला तो आकडा घेई. लिनक्सच्या स्वॅप भागाने ८२ घेतला, आणि इंटेल यंत्रांवरच्या सोलॅरिसचा आकडाही ८२ च होता. एकच गट नंबर दोघांच्या नावे लागावा तसे झाले. पुढे लिनक्स कर्नलच्या विकासातले आंद्रिएस ब्रौवर यांनी हे सारे क्रमांक गोळा करून एक यादी ठेवली. ती नियम सांगणारी नव्हती. कोणी कुठे मुक्काम ठोकला आहे, एवढेच ती नोंदवत होती.

ओळखीचा क्रमांक दिसला तरच डॉस किंवा विंडोज त्या भागाला सी, डी असे अक्षर देई. अनोळखी क्रमांकाकडे ती ढुंकून पाहत नसे. त्यामुळे डिस्कवर काही लपवायचे असेल तर भिंत बांधावी लागत नव्हती, नोंदीतला एक आकडा बदलला की पुरे. ओएस/२ च्या बूट मॅनेजरने हेच केले. मूळ क्रमांकात षोडशमान १० मिळवले की तो भाग डॉसच्या नजरेतून नाहीसा होई, वजा केले की परत येई. राखीव जागांची पुढची सारी कथा या युक्तीवर उभी आहे.

वाटणीचे दुसरे कारण आकडेमोडीचे होते. १९८४ मधल्या डॉस ३.० मध्ये सेक्टर मोजायला सोळा बिट होते, म्हणजे एका भागात जास्तीत जास्त ६५,५३६ सेक्टर. त्याला ५१२ ने गुणले की ३२ एमबी येतात. डिस्क चाळीस एमबीची झाली तेव्हा ती एका भागात मावेना. १९८७ च्या डॉस ३.३ ने तोडगा काढला: चार नोंदींपैकी एक नोंद ‘विस्तारित’ ठरवायची आणि तिच्या पोटात आणखी भाग पाडायचे. आपल्याकडच्या भाषेत, गटाचे पोटहिस्से करायचे. सी ड्राइव्हमागून डी आणि ई यायला लागले ते असे. ही मर्यादा लवकरच गेली, सवय मात्र राहिली. आपल्याकडे असेंबल केलेला पीसी देणारा दुकानदार कित्येक वर्षे न विचारताच सी, डी, ई पाडून देई आणि बजावे, “फोटो, गाणी डी मध्ये ठेवा. विंडोज उडालं तरी डी ला काही होत नाही.” हा सल्ला चांगला होता. यंत्राची जागा वेगळी आणि माणसाची जागा वेगळी, हे तत्त्व त्यात होते.

बांधालगतची पट्टी

दप्तराला कुलूप नसल्याचे पहिले मोठे परिणाम विषाणूंच्या रूपाने दिसले. पुढच्या काळातल्या डिस्कवर पहिला भाग बहुधा त्रेसष्ट सेक्टर सोडून सुरू होई. पहिल्या सेक्टरात दप्तर, आणि त्यानंतरचे बासष्ट सेक्टर, म्हणजे सुमारे ३१ केबी, रिकामे. ही पट्टी कोणत्याच भागात मोडत नसे. बांधालगत पडीक राहिलेल्या जागेवर पहिले अतिक्रमण होते, तसे इथेही झाले. न्यूझीलंडमधून पसरलेला ‘स्टोन्ड’ विषाणू पहिल्या सेक्टरात स्वतः बसे आणि मूळ सेक्टर सातव्या सेक्टरात नेऊन ठेवी.

मराठी वाचकाने इथे एक नाव नोंदवून ठेवावे. जून १९९० मध्ये भारतात सापडलेल्या एका विषाणूला जगभर ‘जोशी’ म्हणून ओळखले गेले. फ्लॉपीचा बूट सेक्टर आणि हार्ड डिस्कचा हाच पहिला सेक्टर तो बाधित करी. दर ५ जानेवारीला पडद्यावर हुकूम येई: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करा. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्याखेरीज यंत्र पुढे चालत नसे. गमतीदार वाटला तरी त्याने एक गोष्ट दाखवून दिली. चौसष्ट बाइटांच्या शेजारी जो जाऊन बसेल तो साऱ्या डिस्कचा धनी होतो, आणि खऱ्या मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

वैद्याची खोली

आता पोटखराब्यातला पहिला तुकडा, निदानाचा. यंत्र बिघडले तर दोष हार्डवेअरचा की विंडोजचा, हे विंडोजच्या आत बसून सांगता येत नाही. त्यासाठी विंडोज सुरू न करता स्मृती, डिस्क, कळफलक, पडदा, पंखा तपासणारी वेगळी व्यवस्था लागते. पूर्वी ती फ्लॉपीवर मिळे, आणि नेमकी गरजेच्या वेळी ती फ्लॉपी सापडत नसे.

कॉम्पॅकने ही अडचण डिस्कवरच सोडवली. १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी ‘ईसा’ नावाची नवी जोडणीपद्धत पुढे आणली होती. त्या यंत्रांत कोणते कार्ड कुठे बसवले आहे हे सांगण्यासाठी एक मांडणी-प्रोग्रॅम चालवावा लागे. कॉम्पॅकने तो प्रोग्रॅम आणि चाचण्या डिस्कवरच्या एका छोट्या भागात ठेवल्या, त्याला १२ हा क्रमांक दिला, आणि सुरुवातीला एफ१० दाबले की तिथे जायची सोय केली. डॉसला १२ ओळखीचा नसल्याने तो भाग आपोआप अदृश्य राहिला.

पुढे डेलने आपल्या यंत्रांत डीई क्रमांकाचा असाच भाग ठेवायला सुरुवात केली. डिस्कच्या अगदी आरंभी, साधारण तीस ते ऐंशी एमबींचा, आत डॉसवर चालणाऱ्या चाचण्या. एफ१२ दाबून यादीतून ‘डायग्नोस्टिक्स’ निवडले की तो जागा होई. विंडोज एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये मात्र या भागावर ‘ईसा कॉन्फिगरेशन’ अशी पाटी दिसे. ज्या लॅपटॉपला ईसाची खाच कधी नव्हतीच, त्याच्या डिस्कवर १९८८ सालच्या पद्धतीचे नाव! मायक्रोसॉफ्टने असल्या सगळ्या राखीव भागांना एकच जुने नाव लावून टाकले होते. वाडा पडून तिथे इमारत उभी राहते, आणि पत्त्यात वाड्याचे नाव तसेच चालू राहते.

या तुकड्याविरुद्ध तक्रार करावी असे फारसे काही नाही. जागा अत्यल्प, उपयोग खरा. विंडोज पूर्ण उडाले तरी हा भाग शाबूत असेल तर डिस्क मेली आहे की फक्त प्रणाली बिघडली आहे, हे घरच्या घरी कळे. दुरुस्तीला किती पैसे पडणार आणि फोटो परत मिळणार की नाही, या दोन प्रश्नांची पहिली उत्तरे इथेच मिळत. अडचण होती ती ओळखीची. आपण विंडोज नव्याने टाकायला बसतो, यादीत एक बिननावाचा छोटा तुकडा दिसतो, आणि आपण तो कचरा समजून पुसतो. पुसणाऱ्याला आपण वैद्याची खोली पाडली हे बऱ्याच दिवसांनी कळे.

दुसरा तुकडा पुनर्स्थापनेचा. यंत्रासोबत विंडोजची वेगळी सीडी देण्याऐवजी कारखान्यातल्या स्थितीची पूर्ण प्रत डिस्कवरच ठेवायची पद्धत या शतकाच्या सुरुवातीस रूढ झाली. सीडीचा खर्च वाचला, ग्राहकाचा त्रास वाचला, पण डिस्क मेली की औषधही तिच्यासोबत गेले. डेलच्या २००४ नंतरच्या अशा भागाचा क्रमांक डीबी होता. कंट्रोल आणि एफ११ एकत्र दाबले की सिमँटेकची प्रणाली त्यातून विंडोज पूर्ववत करी. लिनक्सच्या एफडिस्कमध्ये हाच भाग पाहिला तर समोर नाव येई ‘सीपी/एम’. किल्डॉल यांच्या ज्या प्रणालीसाठी १९८३ मध्ये चार जागांतली एक राखून ठेवल्यासारखी होती, तिचा आकडा वीस वर्षांनी बेवारस समजून विंडोजची प्रत झाकायला वापरला गेला होता.

करमणुकीचे बटण

तिसरा तुकडा सर्वांत अजब आहे. २००४-०५ च्या सुमारास लॅपटॉप घरातले करमणुकीचे साधन होऊ लागला होता. डीव्हीडी लावून प्रवासात सिनेमा पाहणे ही तेव्हा मोठी चैन. पण विंडोज एक्सपी सुरू व्हायला वेळ लागे आणि बॅटरीही खाई. कंपन्यांनी विचार केला, सिनेमा आणि गाण्यांपुरती एक छोटी प्रणाली वेगळ्या भागात ठेवली तर? एचपीने ‘क्विकप्ले’ आणले, डेलने ‘मीडियाडायरेक्ट’. चालूबंदच्या बटणाशेजारी आणखी एक बटण आले. लॅपटॉप बंद असताना ते दाबले की विंडोजला वळसा घालून थेट सिनेमा, गाणी, फोटो यांचा पडदा उघडे.

बटण दाबल्यावर आत काय होत असे? कोणते बटण दाबले गेले हे पहिल्या सेक्टरातल्या सूचनांना कळावे लागे, आणि त्यानुसार कोणता भाग जागा करायचा ते ठरे. म्हणजे कंपनीला त्या ४४६ बाइटांत स्वतःच्या सूचना घालाव्या लागत. काही आवृत्त्यांत करमणुकीची प्रणाली ठेवण्यासाठी डिस्कची आणखी एक सोय वापरली गेली. १९९८ मधल्या एटीए-४ मानकाने ‘होस्ट प्रोटेक्टेड एरिया’, म्हणजे यजमान-संरक्षित क्षेत्र, आणले होते. या क्षेत्रात डिस्कलाच हुकूम देता येतो: तू स्वतःची क्षमता कमी सांग. ऐंशीची डिस्क मग अठ्ठ्याहत्तर असल्याचे सांगते आणि तिच्या टोकाचा भाग कोणत्याच नोंदीत येत नाही. आयबीएमच्या थिंकपॅडमध्येही २००३ च्या सुमारास असे क्षेत्र होते. निळे बटण दाबून तिथे निदान आणि पुनर्स्थापनेच्या सोयी मिळत. पोटखराबा निदान सातबाऱ्यावर लिहिलेला असतो. ही जमीन मोजणीतच धरलेली नव्हती.

अशा लॅपटॉपवर सगळे नव्याने उभे करायचे तर क्रम पाळावा लागे. मीडियाडायरेक्टच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रथम करमणुकीच्या चकतीवरून यंत्र सुरू करून भाग पाडून घ्यायचे, मग विंडोज टाकायचे, मग ड्रायव्हर, आणि शेवटी विंडोजच्या आतून तीच चकती पुन्हा चालवायची. क्रम चुकला तर बटण निकामी. निदानाचा भाग हवा असेल तर त्याची जागा सर्वांच्या आधी, डिस्कच्या आरंभी. चौकात उभी केलेली ही उतरंड होती. खालचे मडके हलवले की वरची सगळी आली.

आता हिशेब मांडून पाहा. २००७-०८ च्या एखाद्या लॅपटॉपवर पहिली नोंद निदानाची. दुसरी पुनर्स्थापनेची. तिसरी विंडोजची. चौथी ‘विस्तारित’, आणि तिच्या पोटात करमणूक. चारही ओळी भरल्या. ज्याला आपल्या फोटोंसाठी डी ड्राइव्ह पाडायचा होता, किंवा विंडोजशेजारी लिनक्स टाकून पाहायचे होते, त्याच्या हाती विंडोज आवळून मोकळी केलेली जागा येई, पण ती नोंदवायला दप्तरात ओळ उरलेली नसे. १९८३ मध्ये ज्या चार ओळी वापरणाऱ्याच्या निवडीसाठी आखल्या होत्या, त्या पंचवीस वर्षांत विकणाऱ्याच्या सोयींनी भरून गेल्या. या लेखातला कळीचा मुद्दा हाच आहे. कंपन्यांच्या मनात काही काळेबेरे होते असे नाही. प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी खऱ्या अडचणीवरचा उपाय होता. पण उपायांची जागा ग्राहकाच्या डिस्कमधून गेली, आणि त्याचा नकाशा ग्राहकाला कोणी दिला नाही.

नकाशा नसल्याची किंमत काय? या प्रकारच्या काही रचनांत करमणुकीच्या बटणामागच्या सूचना वाटणीची स्वतःची प्रत बाळगून असत. मालकाने मधल्या काळात भागांची फेरमांडणी केलेली असली, तरी त्या प्रतीला फेरफाराची खबर नसे. महिन्यांनी कोणी तरी, बहुधा घरातले लहान मूल, ते बटण दाबी. जुनी प्रत दप्तरात लिहिली जाई. त्यानंतर विंडोज सुरू होत नसे, डी ड्राइव्ह ‘नाही’ असे सांगितले जाई. बारशाचे फोटो, पीएचडीचा प्रबंध, दुकानाचे हिशेब, सगळे एका सिनेमाच्या बटणावर गेल्यासारखे वाटे.

नोंद म्हणजे मालकी नव्हे

खरे तर ते गेलेले नसे. महसूल कायदा सांगतो की सातबाऱ्यावरची नोंद म्हणजे मालकीहक्क नव्हे. नोंद चुकली म्हणून जमीन हलत नाही. डिस्कवर हे अक्षरशः खरे आहे. भाग ‘डिलीट’ केला म्हणजे सोळा बाइटांची एक ओळ पुसली जाते. त्या ओळीने दाखवलेले लाखो सेक्टर आहेत तिथेच, आहेत तसेच असतात. प्रत्येक भागाच्या तोंडाशी त्याच्या फाइलप्रणालीच्या खुणा असतात. साऱ्या डिस्कवरून त्या शोधत गेले तर हरवलेल्या बांधांची जागा पुन्हा ठरवता येते. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेला ‘टेस्टडिस्क’ हा मुक्त प्रोग्रॅम हेच काम करतो. जुन्या बांधाचे दगड शोधत शिवारातून चालणाऱ्या मोजणीदारासारखा तो डिस्क पालथी घालतो आणि नवी नोंद लिहून देतो. अट एकच: दरम्यान त्या जागेवर कोणी नवे पीक घेतलेले नसावे. घाबरून विंडोज पुन्हा टाकणारे नेमके तेच करत. डेटा बटणामुळे गेला नाही, बटणानंतरच्या घाईमुळे गेला, अशी उदाहरणे म्हणूनच पुष्कळ.

करमणुकीचे बटण फार टिकले नाही. लॅपटॉप झोपवून क्षणात जागा करण्याची सोय सुधारली, सिनेमा डीव्हीडीवरून इंटरनेटवर आणि मग फोनवर गेला, पुढे लॅपटॉपमधून डीव्हीडीची खाचच गेली. त्या दशकाच्या अखेरीस हे बटण नव्या यंत्रांतून दिसेनासे झाले. निदानाच्या मूळ चाचण्या डिस्कवरून हलून यंत्राच्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये जाऊ लागल्या. तीच त्यांची खरी जागा होती. डिस्क मेल्यावर डिस्कवरचा वैद्य काय कामाचा?

नवे दप्तर, जुनी सवय

चार ओळींचे दप्तर अखेर डिस्कच्या आकाराने मोडीत काढले. त्यात सेक्टरांची मोजणी बत्तीस बिटांत होती, त्यामुळे सुमारे दोन टीबीपलीकडची जागा तिला मोजताच येईना. इंटेलने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या इटेनियम यंत्रांसाठी नवी व्यवस्था आखायला घेतली होती. तिच्यातून ‘जीपीटी’ हे नवे दप्तर आले आणि २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ते घरोघरच्या लॅपटॉपमध्ये रूढ झाले. त्यात सहसा १२८ नोंदी मावतात. प्रकाराचा क्रमांक एका बाइटाऐवजी १२८ बिटांचा, त्यामुळे दोघांनी एकच आकडा घेण्याची भीती जवळपास संपली. दप्तराची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते आणि नोंद बिघडली आहे का हे तपासायची बेरीजही त्यात असते. जुन्या प्रोग्रॅमनी डिस्क रिकामी समजून तिच्यावर लिहू नये म्हणून पहिल्या सेक्टरात जुन्या पद्धतीची एकच ओळ लिहिलेली असते, क्रमांक ईई. अर्थ एवढाच, की ही जमीन पडीक नाही.

तांत्रिक दोष असे दूर झाले. सवय मात्र गेली नाही. आजच्या लॅपटॉपची डिस्क उघडून पाहा: आरंभी यंत्र सुरू करणारा ईएफआयचा भाग, मग मायक्रोसॉफ्टने राखलेला सोळा एमबींचा अदृश्य तुकडा, मग आपला सी, मग विंडोजच्या दुरुस्तीचा भाग, आणि कित्येकदा कंपनीचा आणखी एक. ओळी १२८ झाल्या म्हणून कोणी काटकसर सोडली असे नव्हे. पण नकाशा खोक्यात अजूनही मिळत नाही.

याचा ताजा दाखला जानेवारी २०२४ चा. विंडोज १० साठी आलेला एक सुरक्षा-सुधार असंख्य यंत्रांवर बसेना. कारण दुरुस्तीच्या त्या राखीव भागात पुरेशी मोकळी जागा नव्हती; ती २५० एमबी लागत होती. तो भाग वापरणाऱ्याने पाडलेला नव्हता, त्याचा आकारही त्याने ठरवलेला नव्हता, आणि बहुतेकांना तो असल्याची कल्पनाही नव्हती. मायक्रोसॉफ्टने त्यावर दिलेला उपाय असा, की वापरणाऱ्याने आदेश टाइप करून सी ड्राइव्ह आवळावा, दुरुस्तीचा भाग पुसावा आणि मोठा करून पुन्हा पाडावा. चाळीस वर्षांनी एफडिस्कच्या काळातले काम पुन्हा घरच्या माणसाच्या हाती आले. या वेळी भाग त्याचा नव्हता, डिस्क तेवढी त्याची होती.

राखीव जागा नसाव्यात, असा या इतिहासाचा निष्कर्ष काढता येणार नाही. गावालाही गायरान लागते, पाणंद लागते. वैद्याची खोली घरात असणे सोयीचेच. पण पाणंद नकाशावर दाखवलेली असते आणि ती कोणाच्या शेतातून जाते हे चावडीवर जाऊन पाहता येते. यंत्र विकताना त्याच्या डिस्कचा असा एक उतारा सोबत देणे अवघड नाही: कोणता भाग, केवढा, कशासाठी, पुसला तर काय बंद पडेल. चार ओळींचा कागद पुरेल. तो मिळेपर्यंत आपला उतारा आपणच काढून ठेवावा हे बरे. नवा लॅपटॉप आला की पहिल्याच दिवशी डिस्क मॅनेजमेंटचा पडदा उघडून त्याचा फोटो काढावा, आणि तो त्या लॅपटॉपमध्ये न ठेवता दुसरीकडे कुठे तरी ठेवावा. कपाटात पडलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये फोटो असतील तर तो भंगारात देण्याआधी किंवा त्यावर काही नवे टाकण्याआधी, ‘डिस्क रिकामी आहे’ या संदेशावर विश्वास ठेवू नये. तो संदेश चौसष्ट बाइट वाचून दिलेला असतो. बाकीची डिस्क त्याने पाहिलेलीच नसते.